लुंडच्या प्रयोगशाळेतली थंडगार टाकी

मित्रांनो, मला दुधाचा कॅन म्हणाल तर बघा! दिसते मी तशी, पण मी आहे स्वीडनमधल्या लुंड गावातल्या रक्ताच्या प्रयोगशाळेतली जुनी टाकी. माझ्या पोटात द्रव नायट्रोजन असतो. तो इतका थंड, की त्यात ठेवलेल्या पेशी वर्षानुवर्षं मरत नाहीत, नुसत्या झोपतात. मात्र तो रोज थोडाथोडा उडून जातो, म्हणून मला भरत राहावं लागतं. एवढंच माझं मागणं.

माझ्यावर जीव होता तो तीरा लिंडस्कोग या संशोधक बाईंचा. औषधाने बरा झालेला रक्ताचा कर्करोग परत का येतो, हे त्या शोधत होत्या. ज्या मूळ पेशींपासून सगळं रक्त बनतं, त्यांतल्याच काही बिघडलेल्या पेशी झोपून राहतात आणि औषधाला चकवतात, असं त्यांचं म्हणणं. विभागप्रमुख रूटगर यांना ते पटत नव्हतं. माझ्यावर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. नायट्रोजन कमी झाला की भोंगा वाजवणारी नवी टाकी येतेय, तोवर या म्हातारीला मी भरीन, असं म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात एब्बा नावाच्या बस चालवणाऱ्या बाईंचा हाच आजार उलटला. पहिल्या वेळच्या त्यांच्या पेशींच्या दोनच कुप्या होत्या, त्याही माझ्या पोटात. नवा आजार त्याच झोपलेल्या पेशींतून आला का, हे कळलं तर पुढचा उपचार ठरणार होता.

आणि नेमकी मिडसमरची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाची, सुट्टी आली! सगळं गाव हेरिंग मासे आणि नवे बटाटे खायला बाहेर पडलं. रूटगरही गेले, मला न भरताच. संताप आला हो! पण घाबरले नाही. माझं अंग दणकट आहे. तीराबाईंना मात्र चैन पडेना. जेवण अर्धवट टाकून त्या आल्या, डोक्यावर सणाचा फुलांचा मुकुट तसाच. लाकडी पट्टी माझ्या पोटात बुडवून वर काढली, तर जेमतेम टोकाला हिम धरलेलं, म्हणजे नायट्रोजन तळाशीच उरलेला. कपाळावर हात मारून त्यांनी मला काठोकाठ भरलं.

सुट्टीनंतर एक कुपी वितळवली. पेशी जिवंत! मला ठाऊकच होतं. झोपलेल्या मूळ पेशींत अगदी नव्या आजारातलाच बिघाड सापडला. नुसतं औषध पुरणार नाही, हे ठरलं आणि एब्बाबाईंना त्यांच्या भावाच्या मूळ पेशी दिल्या गेल्या.

बऱ्या झाल्यावर त्या मला भेटायला आल्या. सुट्टीत काय घडलं, ते तीराबाईंनी त्यांना सांगितलं होतं. माझ्या झाकणावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आता माझ्या अंगात भावाचं रक्त. मग माझं स्वतःचं फक्त हिच्याच पोटात उरलंय?"

"हो," तीराबाई म्हणाल्या.

एब्बाबाई शेजारी उभ्या असलेल्या रूटगरकडे वळल्या. "मग रूटगर, हिला परत उपाशी ठेवायचं नाही हं."