गिटारने उचललेले बोल

मित्रांनो, मी नायजेरियातल्या इबादान शहराचा एक जुना ढोल आहे. कंबर डमरूसारखी. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की माझा आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. माझे लाकूड रस्त्याकाठच्या झाडाचे. रानातल्या झाडाच्या कानी माणसांचे बोलणे पडत नाही, म्हणून त्याचा ढोल मुका निघतो, असे आमच्याकडे मानतात. मी जन्माआधीपासून चहाड्या ऐकत वाढलो.

माझे वादक म्हणजे म्हातारे आयानकुन्ले. त्यांच्या काखेतून मी ओयेवुमीच्या वाद्यवृंदात वीस वर्षे सर्वांत पुढे राहिलो. आमच्या भाषेत शब्दाचा अर्थ सुरांच्या चढउतारावर ठरतो, म्हणून मी नुसता वाजत नसे, बोलत असे.

मग ओयेवुमीने लागोसहून विजेची गिटार आणली. लाल, गुळगुळीत, आतून भरीव. तिला माइक मिळाला, मला मागची रांग. वर्तमानपत्राने ओयेवुमीला ‘जुन्या संगीताचा नवा राजा’ म्हटले. छायाचित्रात गिटार पूर्ण आली होती. माझी एक दोरी दिसत होती.

“बाबा, काळ बदललाय,” ओयेवुमी म्हणाला.

“काळ बदललाय की तुझी नजर?” आयानकुन्ले म्हणाले. “सून आली म्हणून बापाला अंगणात झोपवतोस होय रे?”

पुढे एका सरदाराच्या मुलीचे लग्न होते. गिटार रंगात आली आणि बाबांनी मला काखेत दाबले. मी बोललो, ‘उपऱ्याला पाट, घरच्याला वाट.’ शब्द बाबांचे, जळफळाट माझा.

पण त्याच चढउतारात दुसरे वाक्यही बसते. सरदाराला ऐकू आले, ‘सरदाराला मान, गावाला दान.’

“परत म्हणा,” असे फर्मावून तो झगा सावरत नाचू लागला. माझ्या टोमण्यावर अख्खा मांडव नाचला.

ओयेवुमीला मात्र दोन्ही वाक्ये कळली. “बाबा, टोमणा पोचला,” तो म्हणाला. “उद्यापासून तुम्ही पुढे.”

“आणि ती?”

“ती तुमच्या शेजारी. तुमच्याकडूनच बोलायला शिकेल.”

झाले. जागा परत मिळाली आणि बोली गेली. गिटारने माझा एकेक चढउतार उचलला. माझ्या टोमण्याचेच गाणे झाले आणि ते तिच्या तारांवरून घरोघरच्या रेडिओवर वाजू लागले. लोक कौतुकाने म्हणत, “ऐकलंत का, गिटार बोलते.” कोणी शिकवले, हे एकानेही विचारले नाही.

आज बाबा नाहीत, ओयेवुमीही नाही. ओयेवुमीच्या मुलीच्या घरी गिटार आणि मी एकाच भिंतीवर टांगलेलो आहोत. तिच्या तारा गंजल्या, माझे कातडे दमटपणाने सैल पडले. परवा जाळी काढताना तिच्या तारांना झाडू लागला आणि ती चक्क बोलली, ‘उपऱ्याला पाट...’

पुढचे मला म्हणता येईना. तिलाही येईना.

मित्रांनो, वाद्य टांगून ठेवले की ते मुके होते. तिच्या तारा अवश्य पुसा. पण त्याआधी मला थोडे ऊन दाखवा. उरलेले अर्धे वाक्य माझे आहे.