सहावी बरगडी

“आधी नाव वाचा, सिस्टर. मग डावी-उजवी बाजू. फुप्फुसं शेवटी,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टरची एकोणीस वर्षं फायली लावण्यात गेली होती. छातीचा एक्स-रे फोटो वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. या बाई तीन महिन्यांपूर्वी आल्या आणि दर गुरुवारी शिकवू लागल्या. हवा काळी, हाड पांढरं. बरगड्या मोजायच्या. दोन्ही बाजू ताडून बघायच्या.

सरावासाठी तिने कपाटातले गेल्या वर्षीच्या तपासणीचे फोटो काढले. एकात उजवी सहावी बरगडी मोडून सांधलेली दिसली. तिथे बारीक गाठ होती. पुढच्या फोटोतही तीच गाठ. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. पण बारा फोटोंत ती गाठ त्याच जागी होती आणि नावं बारा वेगळी. त्यांतलं एक तिच्या थोरल्या भावाचं. तो दगड दळायच्या खात्यात होता आणि वर्षभर खोकत होता.

घरी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादा, तुझी बरगडी कधी मोडली होती का रे?”

“नाही बुवा.”

“मागे छातीचा फोटो काढला ना तुझा?”

“कुठला? मशीन बिघडलंय म्हणाले. सह्या घेतल्या नि पाठवलं परत.”

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरने विचारलं, “सिस्टर, जुन्या फायली कशाला उपसताय?”

“धूळ बसलीय,” ती म्हणाली. तो जरा जास्तच वेळ दारात उभा राहिला. फोटोंवर सही आधीच्या डॉक्टरांची होती, पण या बाई तरी कोणाच्या? शिकवतात ते कशासाठी? तिने बाराही फोटो पिशवीत घालून घरी नेले.

रजा टाकून ती दादाला सरकारी इस्पितळात घेऊन गेली. फोटो हातात आल्यावर तिने तो खिडकीशी धरला. नाव बरोबर. बरगड्या सगळ्या धड. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात मात्र दळलेल्या दगडासारखे पांढरे बारीक दाणे विखुरले होते.

“काय गं?” दादाने विचारलं.

“डॉक्टर सांगतील,” ती म्हणाली. तिला दिसलं होतं.

गुरुवारी तिने तेराही फोटो बाईंच्या टेबलावर मांडले. बाईंनी एकेक करून उजेडासमोर धरला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“दोन आठवडे झाले.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुमचा भरवसा नव्हता, बाई.”

बाईंनी मान हलवली. “आणि आता?”

“आता दुसरं कोण आहे?” सिस्टर म्हणाली. “या बारांतले तिघं बाहेर बसलेत. बाकीचे पाळी सुटली की येतील.”

“एकेकाचं म्हणणं लिहून घेते,” म्हणत बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. सिस्टरने दार उघडलं. बाकावरचा दादा उठला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि खोकला आवरत आत आला.