निलगिरीच्या पानांची झिलई

जोसलिनने कुंचला काचेच्या वाटीच्या कडेला निथळून घेतला आणि पानावर देठापासून टोकापर्यंत एकदाच ओढला. साखरेच्या कणकेचं, तारेवर वळवलेलं निलगिरीचं पान ओलं, जिवंत दिसू लागलं. वाटीत ग्लुकोजचा पाक होता आणि तो पातळ करायला व्होडका.

"व्होडका पानांना पाज," खिडकीजवळच्या चाकाच्या खुर्चीतून आई म्हणाली. "स्वतःला नको."

"थोडी उरली तर?"

"तर मला दे. मरणाऱ्या बाईला कोण नाही म्हणतंय?"

डॉक्टरांनी जूनपर्यंतची, हिवाळा लागेपर्यंतची मुदत सांगितली होती. वॉरंबीचं शेतकी प्रदर्शन त्याआधी, मार्चमध्ये होतं. म्हणजे आईचं, वर्लाचं, हे शेवटचं. तिच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती, चिमटाही धरवत नव्हता. पण प्रदर्शनात केकच्या टेबलावर तिचं नाव नाही, असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. म्हणून फुलं, बोंडं, पानं, सगळं जोसलिनने केलं होतं आणि नाव आईचं जाणार होतं. नियमात ते बसत नव्हतं. दोघींनी तो विषय काढला नव्हता.

जोसलिनला बक्षिसाची फीत नको होती. 'जमलं तुला,' एवढं आईच्या तोंडून ऐकायचं होतं. केस पिकायला लागल्यावरही असलं काही हवं असावं, याची तिला लाज वाटे.

"पाक जास्त झालाय. चिकट राहील."

"नाही राहणार."

"तुझ्या त्या स्पंज केकच्या वेळीही हेच म्हणाली होतीस. कोंबड्यांच्या चोचीत अजून अडकला असेल."

जोसलिनने दुसरं पान उचललं.

"एकच हात द्यायचा. सगळीकडे सारखा. आयुष्यभर मी तसाच दिलाय."

दुपारच्या गोळीने आईचा डोळा लागला. जोसलिन पानं बघत बसली. मग बाहेर, पाण्याच्या टाकीशेजारच्या निलगिरीच्या झाडाकडे बघितलं. तिने कोरा कुंचला नुसत्या व्होडकात बुडवला आणि एकेका पानाच्या कडेची झिलई हलकेच पुसून काढली. चमक उरली ती मधल्या शिरेवर. कडा मंद, धुरकट झाल्या.

जाग आल्यावर वर्लाने ती पानं बराच वेळ न्याहाळली. तिने खोट काढली नाही, एवढ्यावरच जोसलिन त्या रात्री शांत झोपली.

परीक्षण संपून पत्र्याच्या हॉलचं दार उघडलं तेव्हा बाहेर मेंढ्यांचा गलका चालला होता. जोसलिनने खुर्ची ढकलत केकच्या टेबलापाशी आणली. आईच्या नावाच्या चिठ्ठीवर पहिल्या बक्षिसाची निळी फीत टाचलेली होती.

परीक्षक मिसेस हॅलोरन मुद्दाम थांबल्या होत्या. "वर्ला, रागावू नका हं. इतकी वर्षं तुमची पानं बघतेय. बुटाला पॉलिश करावं तशी, सगळीकडून चकचकीत. यंदा कुठे ती झाडावरची वाटली. हे तुमचं आजवरचं सगळ्यात सुंदर काम."

खुर्चीच्या दांड्यावर जोसलिनची बोटं घट्ट झाली.

वर्ला फितीकडे बघत होती. "पानं माझी नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सगळं हिने केलंय. मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

आजूबाजूच्या दोघीचौघी वळल्या. जोसलिनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढ्या लोकांत, आईने तिला श्रेय दिलं होतं. ती वाकून आईच्या खांद्याला हात लावणार, तोच वर्ला पुढे म्हणाली, "म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं. वर्लाच्या हातून असली पुसट पानं गेली, असं मागाहून कोणी म्हणायला नको."

जोसलिनचा हात तिथेच राहिला.

मिसेस हॅलोरननी घसा साफ केला. "मग फीत काढावी लागेल. नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक काय, मीच करायला लावलाय तो."

टाचणी निघाली. फीत शेजारच्या केकवर गेली. तो ग्लेनिसचा, पलीकडच्या मळ्यातल्या बाईचा होता. ती पाव-सॉसेज खात खात आली आणि निळी फीत बघून तिथेच थबकली.

"अगं वर्ला, काहीतरी चुकलंय. माझी पानं तर जाडीभरडी झालीत यंदा."

"मुळीच नाही." वर्लाने वाकड्या बोटांनी तिचा हात हातात घेतला. "हे पान. पान असं असतं, ग्लेनिस. जमलं तुला."

ग्लेनिसचे डोळे भरून आले. ती हातरुमाल शोधू लागली.

"जॉस," वर्लाने मान न वळवता हाक मारली. "इकडे ये. नीट बघून घे. पुढच्या वर्षी सांगायला मी नसेन."

जोसलिन खुर्चीला वळसा घालून पुढे आली आणि टेबलावर वाकली. ग्लेनिसच्या पानावर दाट, सारखी झिलई होती, आणि तिच्यात कुंचल्याचा एक केस अडकून वाळला होता.

"दिसलं?" आईने विचारलं.

"दिसलं," जोसलिन म्हणाली.