वाटीत उतरलेला ताप

त्या दुपारी गवंड्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी आजाऱ्याकडे कोण फिरकतं? पण ताप काढून दाखवणारे बाबा आलेत म्हटल्यावर अख्खी गल्ली लोटली. खाटेवर गवंड्याची बायको पडली होती. खोकला, छातीत कळ, अंगाची भट्टी झालेली. सकाळपासून ती काहीबाही बरळत होती.

बाबांनी तांबड्या फडक्याने झाकलेली पितळी वाटी तिच्या उशाशी ठेवली, फडक्यावरूनच पाणी ओतलं, तिला एक पुडी चाटवली आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"ताप म्हणजे पाहुणा. हाकललं की रुसतो, आसन दिलं की येऊन बसतो. ही वाटी त्याचं आसन. हात लावून बघा. मात्र ज्याच्या मनात शंका असेल त्याने लावू नये, ताप त्याच्याच अंगात शिरेल."

आता शंका घ्यायची कोणाची छाती होती? थोड्या वेळात वाटी सूं सूं करू लागली.

"ऐकलंत? ताप बोलतोय."

शेजारच्या मावशींनी वाटीला बोट लावून झटकन मागे घेतलं. गवंड्यानेही हात लावला. चटका बसला. संध्याकाळपर्यंत बायकोचं कपाळ गार झालं, मग हातपायही. गल्लीने हात जोडले.

"पण बाबा, तिला धाप लागलीय हो," गवंडी म्हणाला.

"लागणारच. रोग बाहेर पडायची घाई करतोय. दवाखान्यात नेलंस तर अर्ध्या वाटेतून परत फिरेल."

गवंड्याने मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी धरून बसलेल्याला कोण शहाणपण शिकवणार?

सकाळी तिचे ओठ निळे दिसत होते. मेहुणा आला, त्याने बहिणीकडे एकदा पाहिलं आणि कोणाला न विचारता तिला गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसं पांढरी. "न्यूमोनिया आहे, फार पसरलाय. जंतूंचं विष रक्तात भिनलंय, रक्तदाब पार खाली गेलाय." ऑक्सिजन लागला, शिरेतून औषधं सुरू झाली, शेवटी श्वासाचं मशीन लावलं.

"पण ताप तर उतरला होता," गवंडी म्हणाला.

"असल्या पुडीत तापाची गोळी कुटलेली असते. तिने कपाळ गार होतं, जंतू मरत नाहीत. आणि हातपाय गार पडले ते तिथवर रक्त पोचेना म्हणून. त्याला उतार म्हणत नाहीत. काल आणलं असतंत तर मी तुम्हाला आशा दिली असती. आज खोटं बोलणार नाही."

तो कपडे आणायला घरी आला. वाटी उशाशीच होती. फडकं उचललं तर तळाशी पांढरा गाळ. त्याने चिमटीत घेऊन चोळला. कळीचा चुना. पाणी लागलं की तो तापतो, सुसकारे टाकतो, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक. जन्मभर चुना भिजवलेल्या माणसाला तोच आवाज घरात ऐकून ताप वाटला, कारण त्याला तसंच वाटायला हवं होतं.

ती त्याच रात्री गेली.

भेटायला गल्ली जमली तेव्हा गवंड्याने सगळ्यांसमोर घमेल्यात चुन्याचे खडे टाकून पाणी ओतलं. सूं झालं, वाफ निघाली. मावशी बघत राहिल्या.

"हा तुझा चुना रे," त्या समजावत म्हणाल्या. "त्या वाटीत खरा तापच होता. तुम्ही तिला मध्येच हलवलंत ना, तिथे चुकलं."

चार माना डोलल्या. गवंडी भांडला नाही. भांडून काय उजेड पडणार होता?

"मावशी, वाटीचं राहू द्या," तो म्हणाला. "उद्या तुमच्या घरात कोणाला ताप आला तर नुसतं कपाळ चाचपू नका. श्वास बघा. धाप लागली, माणूस बरळायला लागलं, ओठ काळवंडले, तर असाल तसे दवाखान्यात पळा. कोणी काही म्हणो, थांबू नका. ती माझ्यासमोर धापा टाकत होती, मावशी. आणि मी वाटी किती तापली ते बघत बसलो होतो."