चढावरची बोलणी

तुळजापूरच्या हॉटेलसमोर दोन गाड्या एकदमच येऊन थांबल्या आणि इरम्मानं तोंड फिरवून भिंतीकडं केलं. दुसऱ्या गाडीतून उतरलेल्या माणसांनीही घाईघाईनं पाठ केली. दोन्ही घरं एकमेकांना पक्की ओळखून होती. मुला-मुलीचे फोटो बघून झाले होते, सोयरे-धायरे विचारून झाले होते. पण ठरल्याप्रमाणं त्यांची 'अचानक' भेट व्हायची होती ती येडशीला, आगगाडीच्या फलाटावर. इथंच ओळख दाखवली तर मग अचानक काय राहिलं? तेव्हा नळदुर्गची मंडळी एका टेबलाला आणि तामलवाडीची, म्हणजे इरम्माकडची, दुसऱ्या, अशी सगळी मान खाली घालून चहा प्यायली. इरम्माला तो चहाही फिका लागला.

ही अक्कल महालिंगप्पाची. दोन्हीकडच्या नात्यात बसणारा आणि लग्नं जमवण्याची भारी हौस असलेला असा हा गृहस्थ. त्याचं म्हणणं, घरी पोहे झाले की गल्लीभर होतं, आणि मग नकार दिला की तोही गल्लीभर होतो. तामलवाडीत तर आता अशी वेळ आली होती की दारात पाहुण्यांची गाडी थांबली की शेजारीण कुंपणावरून विचारायची, "ह्यांना काय नाव ठिवलं ओ इरम्माअक्का?" म्हणून या खेपेला बाहेर. जुन्या छोट्या लाइनीचा एक तुकडा दुरुस्त करून पर्यटनवाल्यांनी त्यावर दर शनिवार-रविवार वाफेचं इंजिन सुरू केलं होतं. येडशीहून डोंगरावर जायचं, देखावा बघायचा, परत यायचं. कुणी बघितलं तरी सहलीला आलो म्हणता येतं.

इरम्मा ही मुलीची, म्हणजे शिवप्रियाची, आत्या. तिचं स्वतःचं लग्न वडिलांनी एका बैठकीत, काही न बघता ठरवलं होतं, आणि ते दोन पावसाळेही धड टिकलं नाही. ट्रंक घेऊन माहेरी परतली त्या दिवशीच तिनं मनाशी ठरवलं की या घरातून पुढची मुलगी जाईल ती सगळं पारखून. शिवप्रियाचा बाप द्राक्षबाग सांभाळायचा आणि बाकी सगळं "अक्काला इचारा" म्हणून मोकळा व्हायचा. तो आजही बागेतच होता. अक्का मात्र पारखत राहिली. एका मुलाचे बूट टोकदार होते. एक जण भज्यातला कांदा काढून बशीच्या कडेला ठेवत होता. एकाची आई जोरात हसायची. एक तर इतका चांगला निघाला की त्यानं नक्की काहीतरी लपवलेलं असणार, म्हणून तोही गेला. शिवप्रिया धाराशिवच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती, तिशी ओलांडून पुढं गेली होती, आणि प्रत्येक नकारानंतर गपचूप बशा विसळत होती.

फलाटावर महालिंगप्पानं कपाळावर हात मारला. "अरे अरे अरे! शरणबसप्पा! तुमी हिकडं कुठं?"

"आमी... ते... गाडी बगायला," शरणबसप्पा म्हणाला. नळदुर्गला कापडाचं दुकान चालवणारा, पोटानं भरदार आणि मनानं भित्रा माणूस. खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नाटकात असते तर लोकांनी दोघांनाही दुसऱ्या वाक्याला उठवून लावलं असतं, असं इरम्माला वाटलं.

गाडीनं तर तिचं डोकंच उठवलं. इंजिनाला नवा काळा रंग, पितळेच्या पट्ट्या, वर झेंडूच्या माळा. डब्याच्या दाराशी लग्नातल्या बँडवाल्यासारखा जरीचा कोट घातलेला गार्ड, आणि मातीच्या कपातून चहा वाटणाऱ्या पोरी. ह्या मुलखात मातीच्या कपातून चहा कुणाच्या बापानं प्यायला होता? भोंग्यातून एक बाई गोड गळ्यानं सांगत होती, आपण आता सह्याद्रीच्या कुशीत शिरत आहोत. बालाघाटात उभं राहून सह्याद्री! इरम्मा लहानपणी याच लाइनीनं आईबरोबर लातूरला जायची. डब्यात माणसांएवढ्याच शेळ्या असायच्या, कोळशाच्या कणानं डोळे लाल व्हायचे, आणि आईचं लुगडं उतरेपर्यंत काळं व्हायचं. ती गाडी बंद झाली तेव्हा लोक सुटलो म्हणाले होते.

"ज्या धुरापायी आमी रडलो, त्या धुराला आता तिकीट," ती शिवप्रियाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आन् ही शिकलेली मान्सं रांग लावत्यात."

शिवप्रिया हसली नाही. तिचं लक्ष समोर होतं.

समोर अमरनाथ बसला होता, शरणबसप्पाचा मुलगा. ठिबक सिंचनाचं दुकान, चष्मा, साधा शर्ट. इरम्मानं डोळ्यांत तेल घालून त्याला न्याहाळलं. बूट बरे होते. बोलणं बरं होतं. बापाला खिडकीची जागा दिली, चहा आधी तिच्यापुढं केला. तिला चांगलाच राग आला. शेवटी गाडी हलली तेव्हा त्यानंच तिचं काम सोपं केलं. तो उठून दारात गेला, बाहेर डोकं काढून इंजिनाकडं बघत उभा राहिला आणि परत आला तो नाकावर काजळी घेऊन. ती पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आत्या, तुमी ह्या गाडीनं खरंच गेलाय? तवा कशी होती?" त्यानं विचारलं.

"घाण."

तो मनापासून हसला. इरम्मानं नाव ठेवलं की समोरच्यानं गप्प व्हावं अशी तिला सवय होती. हसणारा माणूस तिला पहिल्यांदा भेटला आणि मुळीच आवडला नाही. शिवाय धुरावर भाळणारा माणूस संसारात काय काय विकत आणून ठेवील कुणास ठाऊक. तिनं मनातल्या मनात नकार तयार केला. रीतीप्रमाणं तो घरी गेल्यावर फोनवरून द्यायचा होता, तेव्हा आता तिला निवांत बसून बाकीच्यांचा तिटकारा करता येणार होता.

एवढ्यात गाडी थांबली. इंजिनानं जोरात सुस्कारे टाकले, चाकं जागच्या जागी फिरली, आणि जरीचा कोट डब्यात आला. "मंडळी, पुढं चढ आहे. गाडी जरा हलकी करावी लागेल. चालता येतं त्यांनी खाली उतरून वळणापर्यंत पायी यावं. हा आपल्या अनुभवाचाच एक भाग आहे!"

"बंद पडली म्हनायला जीभ रेटंना मेल्याची," इरम्मा म्हणाली. पण लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पैसे भरून बसलेली माणसं हसतखिदळत उतरली आणि आपण चालत असल्याचे फोटो काढायला लागली.

इरम्माचे गुडघे उतरण्यातले नव्हते. शरणबसप्पाचं पोटही नव्हतं. दोघं समोरासमोर बसून राहिले. त्यानं पिशवीतून डबा काढला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. चटणी अशी जमली होती की इरम्माला आणखी घ्यावीशी वाटली. "मीठ कमी हाय," ती म्हणाली आणि आणखी घेतली.

खिडकीतून रुळाच्या कडेची पायवाट दिसत होती. शिवप्रिया आणि अमरनाथ पुढं चालले होते. शिवप्रिया हातवारे करून काहीतरी समजावत होती, वर्गात समजावावं तसं. तो मान हलवून नाही नाही म्हणत होता. ती थांबली, पुन्हा बोलली. त्यानं पुन्हा मान हलवली, पण या वेळी कमी. मग इंजिनानं शिट्टी घातली, डबा हिसका देऊन हलला आणि दोघं धुरात दिसेनाशी झाली. भांडतायत, बरं झालं, असं इरम्माला वाटलं.

वर एक पत्र्याची शेड होती, एक पाटी होती आणि हुरडा भाजणारा एक माणूस होता. ह्यालाच देखावा म्हणत असावेत. इरम्मा कशीबशी उतरून बाकावर टेकली, तर महालिंगप्पा पडलेल्या चेहऱ्यानं आला.

"अक्का, कसं सांगू. पोरगा न्हाय म्हनतोय."

"कोन न्हाय म्हनतोय?"

"अमरनाथ. म्हनतोय, आमचं जमायचं न्हाय."

इरम्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नकार तिचा होता. आजवर या घराला नकार आला नव्हता, या घरातून गेला होता. आणि हा काळ्या नाकाचा पोरगा तिच्या आधी बोलून मोकळा? तिच्या पोरीला? गुडघे विसरून ती उठली आणि हुरडा चोळत उभ्या असलेल्या शरणबसप्पापुढं जाऊन उभी राहिली. शेजारी अमरनाथ होता. चार पावलांवर शिवप्रिया होती.

"काय खोट काडली ओ आमच्या पोरीत? बोला! बापाला दवाखान्यात ठिवलं तवा ही कॉलेज करून रोज उशाशी बसायची, कंटाळा म्हनून कवा तोंडावर दिसला न्हाय. घरातलं एकबी मानूस हिनं दुखावलं न्हाय. हिच्या तोंडून खोटा शब्द म्हनून कवा ऐकला न्हाय म्या." इथं शिवप्रियानं मान खाली घातली. इरम्माचं तिकडं लक्ष नव्हतं. "माझा संसार मोडला, म्या ट्रंक घिऊन आले. घरात समदे माझ्याशी दबून बोलायचे. ही चालाया लागली तशी माझ्याच अंथरुणात येऊन झोपायची. मला मानसात कुनी आनलं असंल तर हिनं. असली पोरगी तुमाला दिवा घिऊन हुडकली तरी गावायची न्हाय. आन् तुमी न्हाय म्हनता?"

फोटो काढणारे लोक फोन खाली करून बघायला लागले. शरणबसप्पाच्या हातातला हुरडा तसाच राहिला.

"अक्का, न्हाय कोन म्हनलं?" तो गांगरून म्हणाला. "आमाला तर पोरगी लई पसंत हाय." आणि त्यानं मुलाकडं बघितलं.

"माझं चुकलं, आत्या," अमरनाथ म्हणाला.

"चुकलं न्हवं? मग?"

"मग... व्हय."

"ऐकलं का, महालिंगप्पा?" इरम्मा गरजली. "आनि साखर आना!" चहावाल्याकडून साखर आली. तिनं स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली, अनोळखी माणसांच्यासुद्धा. सोमवारी बोलणी पक्की करायचं तिनं तिथंच सगळ्यांदेखत ठरवून टाकलं. एवढा आनंद तिला किती तरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो सगळा जिंकल्याचा होता.

परतीच्या गाडीत ती शिवप्रियाशेजारी ऐसपैस बसली. नळदुर्गकर डब्याच्या दुसऱ्या टोकाला होते. "बगितलं का, कसं वटनीवर आनलं? आता लगीन होऊ दे. दर सनाला बोलावती त्याला आन् चार मान्सांत ऐकवती. माझ्या पोरीला न्हाय म्हनला व्हता म्हनावं! जन्मभर मान खाली घालून जेवला पाहिजे माझ्या दारात."

"आत्या, त्याला काही बोलू नका," शिवप्रिया म्हणाली. "त्यानं नाही म्हटलंच नव्हतं."

"म्हंजे?"

"चालताना मी सांगितलं त्याला, तू नाही म्हण म्हणून. तो तयार नव्हता. खोटं कशाला, म्हणत होता. मीच मागं लागले."

"का पन?"

"तुम्हाला हो म्हणता येत नाही, आत्या. म्हणून 'नाही' त्याच्याकडून म्हणवून घेतलं."

इरम्मा उठायला गेली. आत्ताच्या आत्ता त्या टोकाला जायचं आणि सगळं मोडून टाकायचं. तिला, इरम्माला, पोरीनं चारचौघांत नाचवलं होतं! शिवप्रियानं तिला अडवलं नाही.

"मोडायचं असेल तर मोडा," ती हळू म्हणाली. "पण वर माझ्याबद्दल बोललात ते खरं होतं का, तेवढं सांगून जा. मला कधी कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, येणाऱ्यांना तुम्ही नावं ठेवता, पण खरी खोट तुम्हाला माझ्यातच दिसते. तोंडावर बोलत नाही, एवढंच."

इरम्मा मटकन खाली बसली. इतकी वर्षं ती मुलांना नावं ठेवत आली होती, आणि ही पोरगी शेजारी बसून ती सगळी नावं आपल्याच अंगाला लावून घेत होती. बूट, कांदा, आईचं हसणं, सगळं. तिला इतकी लाज वाटली की कुठं बघावं ते कळेना. भोंग्यातली बाई पुन्हा सह्याद्री म्हणाली, तेसुद्धा तिला ऐकू आलं नाही.

"खरं व्हतं," ती म्हणाली.

"सगळं?"

"समदं."

"मग एकदा हो म्हणा ना. कुणावर चिडून नाही. नुसतं माझ्यासाठी."

इरम्मानं तोंड उघडलं. मुलगा चांगला होता. चटणी चांगली होती. पोरीला तो हवा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणायचा शब्द एकच होता, पण तो तिच्या जिभेवर येईना. एवढ्या वर्षांत तो तिथं कधी आलाच नव्हता. गाडी उतार उतरत राहिली. शिवप्रिया आपल्या हातांकडं बघत बसली होती, घरी बशा विसळताना बघायची तशी.

"व्हय म्हनलं की!" इरम्मा एकदम खेकसली.

"कधी?"

"आत्ता."

आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. धुराचं निमित्त हाताशी होतं, पण तिनं ते सांगितलं नाही.