शेजारच्या घरातली घंटी

माझा लेक अजिनाथ ऊसतोडीला जायच्या आधी बीडहून घंटी घेऊन आला. आमच्या वस्तीवर रेंज न्हाई, म्हणून नेटबिगर चालणारी. बटन माझ्या गळ्यात, घंटी शेजारी शहादेवच्या घरात.

“माय, पडलीस तर दाब. शहादेव पळत येतो.”

“मुडद्या, त्यो बी ऊसतोडीला गेला तर?”

“यंदा न्हाई जात म्हणलाय.”

असं तर त्यो दरसाल म्हणतो. अजिनाथ गेल्यावर आठ दिवसांत त्यो बी दाराला कुलूप लावून बायकोसंगं ट्रकात बसला. घंटी आतच राहिली. समदी वस्ती रिकामी झाली.

आज सकाळी न्हाणीत माझा पाय घसरला. उठताच येईना. बटन दाबलं.

मेली लई खणखणीत वाजती. मला इथवर ऐकू येती.