पाचपैकी किती

डॉक्टरांनी मान जराशी डावीकडे वळवली आणि डोळ्याच्या कडेने पडद्याकडे पाहिलं. समोरून पाहिलं की चित्राच्या बरोबर मध्यभागी बोटाने पुसल्यासारखा डाग यायचा. कडेने निदान फुप्फुसाची रेघ तरी सापडायची.

चित्र रवा सांडल्यासारखं दाणेदार होतं. कमी किरणांत काढलेला सीटी स्कॅन असाच येतो. मग त्याच रुग्णाचं दुसरं चित्र आलं, सुनेच्या प्रोग्रामने साफ केलेलं, आणि त्यांना हायसं वाटलं. रक्तवाहिन्या दिसल्या, एक बारीक गाठही दिसली. पहिल्याला त्यांनी पाचपैकी एक मार्क दिला, दुसऱ्याला पाच.

हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. इतरांच्या नजरेतून सुटलेलं त्यांनी जन्मभर पकडलं होतं. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजतोय हे कळल्यापासून मात्र त्यांनी रुग्णांचे रिपोर्ट, ‘आता तुम्ही शिका’ म्हणत ज्युनियर मंडळींच्या गळ्यात मारले होते. घरी बायकोलाही पत्ता नव्हता. पण सून म्हणाली, माझी चित्रं तपासणाऱ्या तीन परीक्षकांपैकी एक तुम्ही व्हा, तेव्हा नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

दार ढकलून तीच आत आली.

"बाबा, तुम्ही तर मला तारलंत!"

"मी काय केलं?"

"बाकीच्या दोघांनी दोन्ही चित्रांना जवळजवळ सारखेच मार्क दिलेत. उलट साफ करताना एखाददुसरी गाठ पुसली जाते, असं म्हणणं आहे त्यांचं. फरक दिसला तो फक्त तुम्हाला. तुमच्या आतापर्यंतच्या मार्कांमुळेच सरासरी कुठल्या कुठे गेली!"

"मग आता?"

"सोमवारी बैठक. किरणं याच्याही निम्मी करायला मंजुरी मिळेल. सुरुवात मुलांच्या वॉर्डपासून. नाहीतर प्रोजेक्टच गुंडाळणार होते."

त्या दाण्यांतली गाठ बाकीच्या दोघांना दिसली होती. दिसली नव्हती ती फक्त डॉक्टरांना. सांगावं तर पोरीच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी, आणि गप्प बसावं तर उद्या कुणाच्या तरी लेकराची गाठ त्या गुळगुळीत चित्रात विरून जाणार. खोलीला खिडकी नव्हती. एकच दार, आणि त्यात ती उभी होती.

"बस जरा," ते म्हणाले. "माझे मार्क काढून टाक."

"काहीतरीच काय! का?"

"मला मधलं दिसत नाही."

ती हसली. थट्टा करायची त्यांची सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"खरंच सांगतोय. आत्ता तुझे कान दिसतात, केस दिसतात. चेहरा नाही दिसत."

हसणं थांबलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरांना मात्र कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. आता ती चिडली असती, रडली असती, घरी जाऊन सासूला सगळं सांगितलं असतं, तरी त्यांना चाललं असतं.

"आईंना माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"आणि इथे कुणाला?"

"तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

ती उठली. तिने दार आतून लावून घेतलं.

"मग सोमवारपर्यंत कुणाला सांगू नका, बाबा." आवाज अगदी मायेचा होता. "नंतर आपण चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. मी स्वतः घेऊन जाईन तुम्हाला."

"अगं, पण मुलांचा वॉर्ड..."

"ते मी पुढे सुधारेनच. आधी मंजुरी तर मिळू दे." तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्ची हळूच पडद्याकडे वळवली. "थोडीच राहिलीत. मी मदत करते."

साफ केलेलं एक चित्र उघडलं. छोट्या छातीतली छोटी फुप्फुसं. नितळ, कुठे काही म्हणून नाही. दिसायला खरोखर सुरेख होतं.

"किती देऊ?" सुनेने विचारलं.

तिचं बोट आधीच पाचावर टेकलेलं होतं. एवढं मात्र त्यांना दिसलं.